नऊ पाइप बाहेर

चौथा पाइप वर येत होता, त्याचं सगळं ओझं मथुराबाईच्या मनगटांवर होतं, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मुकुटबनच्या पलीकडच्या टेकडीवर कोलामांचा पोड आहे, वीस-बावीस घरांचा, आणि तिथं एकच हातपंप. तो परवापासून कोरडा खडखडत होता. दुपारचे तीन वाजले होते. वैशाखाच्या उन्हात लोखंडाला हात लावला की चरका बसे, म्हणून मथुराबाईनं दोन्ही तळव्यांना ओल्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. पोडातले चार गडी पाइप वर उचलत होते, ती तो शिकंज्यात धरत होती, आणि तिची धाकटी जाऊ साधना मोठा पाना लावून जोड सोडवत होती.

"बाई, दादाचा फोन हाय," साधना म्हणाली.

"माह्या कानाले लाव. सोडता येत नाई मले."

साधनानं पाना खाली टाकला आणि फोन जावेच्या कानाशी धरला. तिकडून धर्मपालचा आवाज आला, मागं गाडीचा हॉर्न वाजत होता.

"मथुरा, काय करून राह्यली?"

"पाइप धरून हाय. बोला लवकर."

"मीबी पाइपच धरून हाय," धर्मपाल म्हणाला आणि हसला. मग एकदम म्हणाला, "इथं गाडी आली न्यायले. डायवर हॉर्नवर हॉर्न मारून राह्यला. समदं टाका अन् बसा म्हणते. सरकार पडलं म्हणते इथलं, मिलिटरीनं धरलं. आजच्या आज राजधानीत जाचं हाय."

"मंग?"

"माह्या बोरचे नऊ पाइप बाहेर हाय. काय करू?"

मथुराबाईला घामानं डोळे उघडता येत नव्हते. नवऱ्यानं विचारलं आणि तिनं उत्तर दिलं, वीस वर्षं देत आली तसंच.

"करता काय, लावून या. उघडं टाकून कुठं जाता?"

"गाडी थांबत नाई म्हणते."

"उद्या दुसरी येईन. एवढी मोठी संस्था, एका गाडीवर चालते काय?"

"खरं हाय," धर्मपाल म्हणाला. "ठेवतो."

एवढंच बोलणं झालं. साधनानं फोन पदराला पुसून कमरेला खोचला, पाना उचलला, आणि पाचवा पाइप वर यायला लागला.

आता या जोडप्याचा हा नेम सांगायला हवा. धर्मपाल खोब्रागडे हातपंपाचा मिस्त्री. ज्या म्हाताऱ्याकडं तो हे काम शिकला, त्यानं त्याला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: पहिला पाइप बाहेर निघाला की पाणी येईस्तोवर त्या गावात जेवायचं नाही, आणि बोर उघडं टाकून उठायचं नाही. धर्मपालनं ते इतकं मनावर घेतलं, की एकदा अंगात ताप असताना सकाळपासून अंधार पडेपर्यंत उपाशी काम केलं. गावोगावी हे ठाऊक झालं होतं. काही बेरकी गावं तर मिस्त्री आला की मुद्दाम बाजूला कोंबडी शिजवायला घालत, म्हणजे वासानं हात लवकर चालावेत. मथुराबाई लग्नानंतर दोन वर्षांतच त्याच्यासोबत सळ्या धरायला जाऊ लागली आणि नेम तिच्याही अंगात मुरला.

तीन वर्षांपूर्वी एका परदेशी मदतीवर चालणाऱ्या संस्थेनं जिल्ह्यातले चार मिस्त्री निवडले. आफ्रिकेतल्या एका गरीब देशात आपल्यासारखेच हातपंप आहेत, म्हणे, तेच हँडल, तीच साखळी, पण दुरुस्तीला माणूस नाही. त्या देशाचं नाव मथुराबाईच्या जिभेवर कधी बसलं नाही. ती 'तिकडं' म्हणे. गावानं थट्टा केली, इथं आपल्याच नळाला थेंब नाही आणि खोब्रागडे निघाले आफ्रिकेला पाणी पाजायला. धर्मपाल दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा माघात गेला. मागं ग्रामपंचायतीच्या पंपांचं काम मथुराबाई आणि साधनानं उचललं. साधनाचा नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर होता, घरी क्वचित येई. सरपंच वामनराव अजूनही पंपाजवळ यायचे आणि हातात पाना घेतलेल्या मथुराबाईकडं पाहून विचारायचे, "मिस्त्री कुठं हाय?"

तिसऱ्या दिवशी साधनानं मोबाइलवर बातमी पाहिली. तिकडची विमानं बंद. ज्या मोठ्या देशांचा पैसा तिथं जात होता, त्यांनी तो तीन दिवसांच्या आतच थांबवला होता. मिलिटरीला धडा शिकवायचा म्हणे. मिलिटरी काही हातपंपावर पाणी भरत नसेल, पण धडा शिकवणाऱ्यांना तेवढी फुरसत कुठली!

पाचव्या दिवशी लखन राठोड आला. घाटंजीकडचा, धर्मपालसोबत गेलेल्या चौघांतला एक. तो आलेला पाहून मथुराबाईच्या जिवात जीव आला. ती लगबगीनं दारापर्यंत गेली आणि त्याच्या मागं रस्त्याकडं पाहत राहिली. मागं कोणी नव्हतं.

"वैनी, आमी तिघं आलो, शेवटच्या विमानानं," लखन म्हणाला.

"अन् हे?"

लखन खाली बसला. साधनानं दिलेलं पाणी त्यानं हातातच धरून ठेवलं.

"ते शेवटची गाडी होती. आमाले वाटलं मिस्त्री मागच्या गाडीत हाय. मागं गाडीच नोती."

"तुमचं बोर लावून झालं होतं काय?"

त्यानं हातातलं पाणी खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी तं दोन बोर उघडे टाकून आलो, वैनी. एकाचे पाइप तसेच जमिनीवर पडून हाय." त्याचे डोळे लाल झाले. "लोकं गाडीसमोर झोपले होते. बाया होत्या, लेकरं घेऊन. डायवरनं गाडी बाजूच्या वावरातून काढली. मांगं पाह्यलं नाई मी."

मथुराबाईला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. तिला आठवलं ते आपलंच बोलणं. लावून या, उघडं टाकून कुठं जाता. तिनं चुलीवर चहा ठेवला, साखर टाकायची राहून गेली, आणि लखननं तो तसाच पिऊन टाकला.

जाताना तो उंबऱ्यात थांबला. "अजून एक सांगाचं होतं. वायसरचा डबा गाडीत होता. मिस्त्रीजवळ एकही नसंल."

वायसर म्हणजे जमिनीखाली सिलिंडरात बसणारी रबराची वाटी. तळहातात मावते. पाणी वर ओढते ती तीच. बाकी सगळं लोखंड नुसतं दिखाव्याचं. ती झिजली की दांडा कितीही मारा, बोर हवा ओकतं.

धर्मपालचा फोन आला तो आठव्या दिवशी. आवाज खणखणीत होता.

"मी ठीक हाय. बोर सुरू केलं. जुनीच वाटी साफ केली अन् उलटी करून बसवली. चार हापशांत पाणी येते."

"उलटी किती दिवस चालते?" मथुराबाईनं विचारलं. तिलाही ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आपल्या गावात असती तं सहा महिने. इथं पाच गावं येते या एका बोरवर. दिवसरात दांडा खाली राह्यत नाई." तो म्हणाला. "बाकीचे बोर बंद पडले ना आजूबाजूचे. उघडेच हाय."

"जेवन?"

"लय चांगलं. बकरीचं दूध देते. गावाच्या मधात खोली देली, नवी चटई देली. शाळेचा मास्तर हाय एक, त्याले थोडं इंग्रजी येते, मलेबी थोडं येते. चालते आमचं. त्याच्या घरी सोलरवर फोन चार्ज होते. जेव्हा तो म्हणंल तेव्हा तुले फोन."

"तिथून निघाचं कसं?"

"पाहू ना. मोठ्या गावात बस येते म्हणते. चाळीस किलोमीटर हाय. मास्तर म्हणते, रस्ता चांगला नाई, दोन-चार दिवस थांबा."

दोन-चार दिवस झाले. आठ झाले. रोज दुपारी मथुराबाई कामाला गेली तरी फोन कमरेला आणि कान फोनकडं. वामनरावांच्या वाड्यासमोरचा पंप बिघडला तेव्हा ती तो खोलायला बसली. वामनराव खाटेवर बसून म्हणाले, "कशाले धाडलं वो त्याले एवढ्या दूर? आपलं गाव काय मेलं होतं?" साखळीच्या खिळ्यावर हातोडी मारताना तो निसटला आणि तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. वामनराव म्हणाले, "पाह्यलं? बाईमानसाचं काम नाई ते." साधना तोंड उघडणार होती, मथुराबाईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. त्या माणसाची ग्रामपंचायतीच्या कागदावर सही लागते. पाणी आलं तेव्हा वामनरावांनी पहिली कळशी स्वतःच्या गाईला पाजली.

त्याच आठवड्यात ती पुन्हा टेकडीवरच्या पोडात गेली. पंपाचा दांडा ढिला झाला होता, अर्ध्या तासाचं काम. झाल्यावर ती हत्यारांची थैली उचलायला वळली तर थैलीवर तानाबाई बसलेली. पोडातली म्हातारी, दात पडलेले, हसत होती.

"उठ व माय, जाचं हाय मले."

"नाई उठत," तानाबाई म्हणाली. "तू गेली की बिघडते. इथंच राह्य. झोपडी बांधून देतो तुले."

सगळ्या बाया हसल्या. मथुराबाईही हसली. पण तानाबाई लवकर उठली नाही. तिनं थैलीचा बंद मुठीत धरला होता आणि हसणं संपलं तरी मूठ सुटली नव्हती. साधनानं हाताला धरून उठवलं तेव्हा उठली. टेकडी उतरताना मथुराबाईनं दोनदा मागं वळून पाहिलं. कोरड्या पंपाजवळ उभी राहिलेली माणसं तिनं वीस वर्षं पाहिली होती. ती वाईट नसतात. फक्त मिस्त्री जाऊ नये असं त्यांना वाटतं, आणि ते वाटणं कुठवर जाईल ते त्यांनाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी धर्मपालचा फोन आला.

"निघाले काय?" तिनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"आज निघणार होतो. जोडे सापडून नाई राह्यले."

"जोडे?"

"दारात काढले होते. सकाळी नाई. मास्तर म्हणते, कुत्र्यानं नेले असंल." तो हलकंच बोलत होता. "रात्री एक गडी दारात आडवा झोपते. सोबतीले म्हणते. मी बाहेर निघालो की तोबी उठते."

"वाईट नाई हो हे लोकं," धर्मपाल म्हणाला, जणू तिनंच काही म्हटलं होतं. "त्याईच्या जागी आपण असतो तं काय केलं असतं? पूर्ण इलाख्यात पंप जाणणारा मी एकटाच राह्यलो. दोघाईले शिकवून राह्यलो काम. पान्याचं काम येते त्याईले आता. पण वायसर कुठून शिकवू?"

"वायसर भेटली तं सोडतीन?"

"मास्तर तेच बोलला काल. डबाभर वायसर आल्या तं गावच तुले बसपावेतो घेऊन जाईन म्हणे. पोरं खांद्यावर बसवून नेतीन."

"मी पाठवतो," मथुराबाई म्हणाली. ज्या बाईनं कधी घाटंजीच्या पलीकडं पत्र टाकलं नव्हतं ती हे म्हणाली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं दोघी जावा यवतमाळला गेल्या. संस्थेचं ऑफिस एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. पाटी काढलेली होती, तिच्या जागी भिंतीवर चार खिळे. आत पियुष नावाचा पोरगेला माणूस, ज्यानं धर्मपालचे सगळे फॉर्म भरले होते, स्टुलावर चढून छताचा पंखा सोडवत होता.

"काकू, या ना," तो म्हणाला आणि पंखा हातात घेऊनच खाली उतरला. बसायला खुर्ची उरली नव्हती.

"माणूस कवा येईन आमचा?"

"काकू, मी कागद वर पाठवला. दिल्लीला पाठवला, तिकडंही पाठवला. उत्तर येत नाही. तिकडचा पैसा थांबला म्हणजे आमचा सगळाच थांबला. महिनाअखेर मीही घरी." त्याचा चेहरा पडला होता. "सुट्या भागांचा मोठा डबा जहाजानं गेला होता. बंदरात उभा आहे, सील लावून. तीस हजार वायसर आहेत त्यात. कोणी सोडवत नाही."

"मले डबाभर दे. मी धाडतो."

पियुष आतल्या खोलीत गेला आणि खरंच एक खोका घेऊन आला. ट्रेनिंगसाठी आणलेल्या वायसर, दोनशे, काळ्या, अजून पावडर लागलेल्या. मथुराबाईनं एक उचलून अंगठ्यानं दाबून पाहिली. चांगला माल होता. तिला रडू आलं आणि ते तिनं पियुषसमोर लपवलंही नाही.

डाकघरात त्यांनी खोका कापडात शिवून, वर साधनाच्या हातानं इंग्रजीत पत्ता लिहून काउंटरवर ठेवला. काउंटरवरच्या बाईनं पत्ता वाचला, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"या देशात पार्सल बंद आहे, ताई. विमानंच जात नाहीत."

"कवा सुरू होईन?"

"ते नाही सांगता येत."

"शेजारच्या देशात टाका मंग. तिथून नेतीन कोणी."

बाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. "तिथं घेणारं कोण आहे?" तिनं विचारलं.

घेणारं कोणी नव्हतं. खोका मांडीवर घेऊन त्या एसटीत बसल्या. साधनानं तीन कुरिअरवाल्यांना फोन केले, लखनला केला, लखननं पुण्यातल्या कुणाला तरी केला. संध्याकाळपर्यंत सगळीकडून एकच उत्तर आलं. दोनशे वायसर घरात, धान्याच्या कोठीवर. आणखी दोन-चार गावांचे पंप महिन्याभरात त्याच वायसरांनी चालू झाले. वामनरावांना आनंद झाला, एवढा माल कुठून आला म्हणून.

त्यानंतर धर्मपाल फोनवर एकच गोष्ट सांगायला लागला. किती हापशांत पाणी येतं ती. मथुराबाईनं विचारायचं, त्यानं सांगायचं. नवरा-बायकोचं दुसरं बोलणंच उरलं नाही.

"नऊ."

चार दिवसांनी, "चौदा."

मग, "एकवीस. पण धार चांगली हाय."

"धार कायची चांगली," मथुराबाई म्हणाली. "वाटी चिरली हाय. तुमाले समजून नाई राह्यलं काय?"

"समजते," तो म्हणाला. "त्याईले नाई समजलं अजून. त्याईले वाटते बोरातलं पाणी खाली गेलं."

"मंग तसंच वाटू द्या! अनवाणी निघा, पण निघा. लोकं पाण्यावर असतीन तवा निघा. मी म्हटलं होतं लावून या, मीच आता म्हणतो, सोडा ते." तिचा आवाज चढला. साधना चुलीपासून उठून आली.

"दारात दोन गडी राह्यते आता," धर्मपाल म्हणाला. "ठेवतो. मास्तर फोन मागून राह्यला."

नंतर सहा दिवस फोन आला नाही. मथुराबाई जेवायला बसे आणि दोन घास खाऊन उठे. पियुषचा नंबर लागेना. तलाठ्यापासून तालुक्याच्या ऑफिसापर्यंत तिनं अर्ज दिले, प्रत्येक ठिकाणी माणसानं त्या देशाचं नाव दोनदा विचारलं आणि तिला दोन्ही वेळा ते नीट सांगता आलं नाही. त्याची तिला फार लाज वाटली. नवरा ज्या देशात अडकलाय त्याचं नावही बायकोला येऊ नये!

सातव्या दिवशी, अंगणात सळ्यांना ग्रीस लावत असताना फोन वाजला. बारा वाजले होते, तिकडं सकाळ.

"किती?" तिनं विचारलं.

"बेचाळीस. कवा येते, कवा नाई येत."

"त्याईले समजलं?"

"मी काल सांगून टाकलं, मथुरा. म्हाताऱ्या बाया दांडा मारून मारून पडून राह्यल्या होत्या. माह्याच्यानं पाह्यवलं नाई. सांगितलं, बोरात पाणी हाय, वाटी गेली, अन् माह्याजवळ वाटी नाई."

"काय म्हणले?"

"काही नाई म्हणले." धर्मपाल म्हणाला. "पण काल सांजची भाकर नाई आली. आजबी नाई. दूधबी नाई."

मथुराबाईनं ग्रीसचा हात तसाच कपाळाला लावला. त्याच्या मागं पंपाचा दांडा वाजत होता. खट, खट, साखळीचा कोरडा आवाज. पाण्याचा नव्हता. ज्यानं जन्मभर तो आवाज ऐकला त्याला फोनवरूनही कळतो.

"मी कायले म्हटलं तुमाले लावून या," ती म्हणाली. "गाडी उभी होती. कायले म्हटलं मी!"

"तू नसतं म्हटलं तरी मी लावलंच असतं. मले विचाराचं नोतं, तुह्या तोंडून ऐकाचं होतं फक्त." मग त्याचा आवाज बदलला. "मथुरा, लोकं येऊन राह्यले इकडं. पाचही गावाचे दिसते."

"पाण्याले?"

"भांडे नाई हातात. काठ्या हाय."

"फोन ठेवू नका," मथुराबाई म्हणाली. "काहीही होवो, फोन ठेवू नका तुमी."

"नाई ठेवत."

साधना तिच्याजवळ येऊन बसली आणि तिनंही कान फोनला लावला. दांडा वाजत होता. खट, खट. मग तिकडं कोणीतरी काहीतरी ओरडून बोललं, आणि दांडा मारणारा थांबला.